दादाने जोडलेली सायकल

फोन आला तेव्हा मी नुकतीच पतपेढीत पोचले होते, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. पलीकडून वहिनी बोलत होती. "मंदा, हे अंगनात पडलेत. उठत नायत." एवढंच म्हणाली आणि फोन तसाच हातात धरून राहिली असावी, कारण तिच्या श्वासाचा आवाज मला बराच वेळ येत होता. वसई रोडहून आमच्या खाडीकाठच्या गावापर्यंत रिक्षाने जाताना मी मनाला बजावत होते, चक्कर आली असेल, उन्हात उभा राहिला असेल. जाऊन पोचले तर डॉक्टर येऊन, मान हलवून परत गेले होते. दादाला ओट्यावर चटईवर घेतलं होतं. अंगणात मात्र ती सायकल पायरीला नीट टेकून उभी होती. पडण्याआधी त्यानं ती सांभाळून टेकवली होती, हे त्या गडबडीत बहुतेक एकट्या मलाच दिसलं.

त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, हृदयाचं दुखणं होतं, फार खितपत पडला नाही, सुटला. असं कुणी म्हटलं की मला चीड येते. कशातून सुटला? माझा भाऊ कशात अडकला होता हे या लोकांना माहीत तरी आहे का? ते सांगावं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

दादाचं सगळं आयुष्य वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेलं. सकाळी भातशेताला एक फेरी मारायची आणि मग दिवसभर नटबोल्ट, बेअरिंगं, पट्टे मागेल त्याला काढून द्यायचे. घरीही हा माणूस स्टोअरकीपरच. मी लहान असताना कंपासपेटीला लावायला एक स्क्रू मागितला तरी म्हणायचा, "जुना आन, मंग नवा ने." जुनी वस्तू हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा त्याचा धर्म. मी त्याला चिडवायचे, की तुझ्या लग्नात वहिनीच्या बापाकडेही तू जुनं काहीतरी मागितलं असशील. तो हसायचा नाही. विनोद त्याला उशिरा कळायचा, आणि कळला तरी कपाटात ठेवून द्यायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा विनू. वहिनीचा भाऊ बोटीवर होता. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास त्यानं जपानहून भाच्यासाठी एक सायकल आणली, खोक्यात, सुटे भाग करून. जाड टायरची, आडव्या सरळ हँडलची, अंगठ्यानं गियर बदलायची, डोंगरावर चालवायची सायकल. आमच्याकडे डोंगर कुठले? विनू ती भुईगावच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत न्यायचा, चिखलाच्या बांधांवरून हाणायचा, कॉलेजला न्यायचा. गावातली पोरं मागे धावायची. तिच्या मागच्या चाकाचा आवाज आपल्या सायकलींसारखा खडखडीत नव्हता. पाय थांबवले की रातकिड्यासारखा बारीक, सलग किर्र आवाज यायचा. संध्याकाळी फाटकापासून ओट्यापर्यंत तो पाय न मारता यायचा, आणि तो आवाज आला की घराला कळायचं. दादा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचा. वहिनी आत तवा टाकायची, कारण विनूला तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची.

विनू एकोणीस वर्षांचा असताना पावसाळ्यात तापानं गेला. मलेरिया मेंदूत गेला म्हणाले. मुंबईच्या इस्पितळातून त्याला आणला तेव्हा रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं आणि आम्ही त्याला खांद्यावरून घरी नेला... त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

आमच्याकडे रीत अशी, की तरुण माणूस गेला की त्याच्या वापरातल्या वस्तू तेराव्याला त्याच्या बरोबरीच्या मुलांना द्यायच्या. घरात काही ठेवायचं नाही, नाहीतर गेलेल्याचा पाय निघत नाही असं म्हणतात. कपडे गेले, घड्याळ गेलं, बॅट गेली. सायकल कुणाला मिळणार, याच्याकडे पोरांचे डोळे लागले होते. आदल्या दिवशी दादा पाना घेऊन अंगणात बसला आणि त्यानं ती सायकल पूर्ण सुटी केली. हँडल एकाला, पुढचं चाक दुसऱ्याला, पायडल, सीट, गियरचे खटके, ब्रेक, सगळं पंधरा-वीस पोरांत वाटून टाकलं, स्टोअरच्या खिडकीतून द्यावं तसं. मी म्हटलं, अरे, प्रसाद आहे का हा? सायकलीचं काय केलंस? तेव्हा तो हळूच म्हणाला, "अख्खी दिली तर कोनीतरी तिच्यावर बसून दारावरून जाईल. ते मला बघवनार नाय." वहिनी त्या वेळी आत भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. सांगाडा तेवढा कुणाच्या कामाचा नव्हता, तो गोणपाटात बांधून माळ्यावर गेला.

पुढे बरीच वर्षं त्या घरात जेवणं झाली, सण झाले, भात कापला, पण बोलणं उरलं नाही. दोघं भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. तो ओट्यावर, ती चुलीपाशी, आणि मध्ये भिंत. मी रविवारी जायचे तेव्हा याचा निरोप तिला आणि तिचा निरोप याला द्यायचं काम माझ्याकडे असायचं. कारखाना बंद पडला, दादा घरी बसला, मग छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करा. तो नको म्हणाला. मग निदान वजन उचलू नका, भरलेली बादलीसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं.

अशात एका मे महिन्यात कौलं परतताना माळ्यावरून ते गोणपाट खाली आलं. दादानं ते सोडलं आणि दुपारभर त्या सांगाड्यासमोर बसून राहिला. दुसऱ्या रविवारी मी गेले तर म्हणाला, सायकल परत जोडायची आहे. मी म्हटलं, वसईत दुकानं आहेत, दोन दिवसांत जोडून देतील. तर नाही. विनूच्या सायकलचेच भाग पाहिजेत, दुसरा एक नट चालणार नाही. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं आणि वायरी एवढ्यांना मात्र त्यानं मुभा दिली, कारण त्या तर विनूनंही बदलल्या असत्या. हे सगळं कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाला, की मला तो आवाज एकदा ऐकायचा आहे. आता माझ्याजवळ फार वेळ नाही.

वहिनीनं तेव्हा एकदाच तोंड उघडलं. मेलेल्याच्या नावानं दिलेलं मागे घ्यायचं नसतं, असं ती मला म्हणाली, अर्थात त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. दादानं त्यावर आपला स्टोअरचा तोडगा काढला. मागायचं नाही, बदलून घ्यायचं. प्रत्येकासाठी नवा भाग विकत घ्यायचा, तो आधी हातात ठेवायचा आणि मग जुना आणायचा. कुणाला काय दिलं होतं ते त्याला सगळं तोंडपाठ होतं. ती पोरं आता बाप्ये झाली होती. कुणी विरारला फ्लॅटमध्ये, कुणी नालासोपाऱ्यात, कुणी वटारला सासऱ्याच्या वाडीत. हा पिशवीत नवी सीट, नवं हँडल घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचा. काहींनी आनंदानं दिलं. काहींच्या बायकांनी उंबऱ्यातूनच परत पाठवला, कारण मेलेल्या मुलाचा बाप वस्तू मागायला आला हे त्यांना अशुभ वाटलं. त्यांच्याकडे तो पुन्हा जायचा. मला लाज वाटायची. ओळखीचं कुणी भेटलं की आता हे माझ्या भावाबद्दल काय बोलणार, अशी धास्ती असायची.

सगळं मिळालं, मागचं चाक तेवढं मिळेना, आणि आवाज तर त्यातच. ते विनूच्या सांडोरच्या मित्राला, इनासला दिलं होतं, आणि इनास कुवेतला गेला होता. एका रविवारी दादा मला घेऊन सांडोरला गेला. इनासचे वडील केळीच्या वाडीत होते. दादानं चाकाचा विषय काढल्यावर ते आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. टायर फाटल्यावर त्यांनी ते चाक विहिरीवर रहाटाच्या जागी टांगलं होतं आणि त्याच्या खाचेतून बादलीचा दोर गेला होता. इतकी वर्षं विनूचं चाक पाणी काढत होतं. दादा त्या चाकाला हात लावून उभा राहिला आणि माझ्या भावाला मी त्या दिवशी तेराव्यानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हाताऱ्यानं स्वतः ते उतरवून दिलं. बदल्यात नवी कप्पी आणायचं दादानं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी नेऊनही दिली.

चाक गंजानं तांबडं झालं होतं. सायकलवाल्यानं त्याचं फ्रीव्हील, म्हणजे तो किर्र वाजणारा दातेरी भाग, हातात घेऊन सांगितलं, काका, हे भंगारात टाका, नवीन बसवतो. दादा ते घेऊन घरी आला. रॉकेलमध्ये भिजवलं, शिलाई मशीनचं तेल पाजलं, आत दोन बारीक खटके असतात आणि त्यांना उचलणारी केसासारखी तार, ती दाढीच्या ब्रशनं साफ केली. रिमला चिंच आणि राख लावून तांब्याच्या भांड्यांसारखं घासलं. वहिनीच्या बरणीतली वर्षाची चिंच संपली. तिनं नवी आणून भरून ठेवली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हे त्या दोघांतलं कितीतरी वर्षांतलं पहिलं बोलणं होतं असं मला वाटलं, आणि मी उगीचच खूश झाले.

सायकल पुरी झाली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वहिनीजवळ बसले होते. दादा सायकल घेऊन फाटकाबाहेर गेला आणि तिथून ढकलत आत यायला लागला. तो बारीक किर्र आवाज अंगणातून ओट्याकडे येत गेला... वहिनी उठली, तिनं गॅस पेटवला, तवा टाकला आणि परातीतला गोळा हातात घेतला. मग तिचा हात थांबला. गोळा तिनं परत परातीत ठेवला आणि गॅस बंद केला. दादा दारात आला, त्याचा चेहरा फुलला होता. "ऐकलंस?" त्यानं विचारलं. "ऐकलं," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं भाकरी केली नाही. आम्ही तिघंही सकाळचा भात खाऊन उठलो.

त्यानंतर एकदा सकाळी मी गेले, तर दादा सायकल अंगणात उन्हाला काढत होता. आमची हवा खारी, सावलीत लोखंड टिकत नाही, म्हणून रोज ऊन दाखवून तेलाचं फडकं मारायचा. पण तो ती ढकलत नव्हता. पुढचं चाक जमिनीवर आणि मागचं एका हातानं सीटखाली धरून वर उचललेलं. पायऱ्यांवर तर अख्खी सायकल उचलून उतरला आणि खाली आल्यावर खांबाला धरून धापा टाकत उभा राहिला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यानं ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघराकडे खूण केली. "तिला त्रास होतो. नको वाजायला," तो कुजबुजला. मी त्याला खूप बोलले, हळू आवाजात का होईना पण बोलले. त्यानं ऐकलं नाही. तो रोज असाच उचलत राहिला, आणि एका सकाळी पायरीशी ती टेकवून खाली बसला तो बसलाच.

परवा मी वहिनीकडे गेले होते. तिनं सायकल ओट्यावर ओढून घेतली होती आणि तिच्याशेजारी बसली होती. आपणहून बोलायला लागली. म्हणाली, "त्या दिशी मी रागावले नव्हते गं. हातच चालेना. दुसऱ्या दिशी पीठ मळून बसले होते. तिसऱ्या दिशीबी. पन आवाज नाय आला. मला वाटलं, यांचा जीव उडाला सायकलवरनं." आणि मग तिनं सीटखाली बांधलेली एक चिंधी मला दाखवली, तिच्याच जुन्या लुगड्याची, तेलानं काळी झालेली. ही त्यांनी कशाला बांधली असेल, असं तिनं विचारलं.

सीटखालची लोखंडी कड बोटांना कापत असणार, हे मला लगेच कळलं. दोघांचाही मला भयंकर राग आला होता. एका घरात राहून, एकमेकांना इतकं जपून, एक वाक्य बोलता आलं नाही या माणसांना. न सांगता उठून यावं असंही मनात आलं. मग मी तिला सांगितलं, तो चाक का उचलायचा आणि कुणासाठी.

वहिनी रडली नाही. उठून तिनं त्या चिंधीत बोटं घातली आणि मागचं चाक जमिनीपासून वर उचललं. तसंच धरून ती उभी राहिली.

"जड हाय," ती म्हणाली.