झेंडूच्या पाटीतला लॅपटॉप

त्या दिवशी अंबडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आम्ही पाच जण व्हतो. मी, माझी सून, माझी धाकटी जाऊ, वणीहून आलेला सुनेचा भाऊ, आन दुकानातला मिस्त्री. लॅपटॉप माझ्या मांडीवर, झेंडूच्या रिकाम्या पाटीत, वरून फडकं. सुनेची कपड्याची बॅग बाहेर भावाच्या पिकपमधी.

माझा पोरगा अंबडलाच कंपनीत हापिसात व्हता. कंपनीनं जुनी मशिनं काढली तवा त्यानं हे एक घरी आणलं. त्याच्यावर सुनेला टायपिंग शिकवलं. मंग पोरगा गाडीवरून पडून गेला. त्याचं मी इथं लांबण लावत नाय. मळ्यात झेंडू तोडायला आला व्हता, आम्ही दोघींनी तोडला.

पंचवटीत एक बाई झेरॉक्सचं दुकान चालवायची. ती सुनेला म्हणली, "टेबल माझं, प्रिंटर माझा, मशीन तुझं आण. लोकांचे अर्ज टाईप कर, लग्नाचे बायोडाटा कर. दसरा झाला का सोमवारी ये." त्या दिवशी सून किती दिवसांनी पोटभर जेवली. आन दसरा झाला तसं मशीन चालू व्हायचं आन लगेच तापून बंद पडायचं. भावाला कळलं, तो गाडीच घेऊन आला.

"मावशी, मी नेतो तिला. आमच्याकडं काय कमी हाय?"

कमी काय नव्हतं. माणूस चांगला. पण भावाच्या घरी राहिलेली बहीण जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापते. मी पण दोन वर्षं थापल्यात, मला कोणी सांगायला नको.

मी म्हटलं, "ने. पण वाटेत अंबडला थांबव."

"वणीच्या वाटेत अंबड कुठं येतं, मावशी?"

"आज येतं."

मिस्त्री आधी दुसऱ्या एका कंपनीत कामाला. कंपनी बंद पडली तवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायला लागला, मंग कॉम्प्युटर. त्यानं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, आतला पंखा उघडला. पंख्याला पिवळं-लाल पीठ बसलेलं. त्यात सुकलेल्या पाकळ्या, दोन तांदळाचे दाणे.

"आजी, हा कॉम्प्युटर हाय का म्हसोबा?"

जाऊ खिदळली. "आक्का दर दसऱ्याला पूजती ना त्याला. यंदा तर मूठ भरून वाहिलं."

खरं व्हतं. आमच्यात दसऱ्याला खुरपं, विळा, तराजू, औषधाचा पंप, सगळं पूजतात. त्या रांगेत मी हे पण मांडायची. आन चालू ठेवून मांडायची, उजेड पडावा म्हणून. पंख्यानं सगळं आत वढलं. यंदा मी तशी, सून तशी. घरात कुंकू लावायला कपाळच उरलं नव्हतं, म्हणून त्याला जरा जास्तच लावलं.

सुनेचा भाऊ हसला. "मावशी, तुम्हीच मारलं आन तुम्हीच दवाखान्यात आणलं व्हय."

"मंग? मारलं मी, तर उठवीन पण मीच."

मिस्त्रीनं ब्रशनं झाडलं, हवा मारली. पंखा फिरला. पण पडद्यावर नुसतं गोल-गोल, पुढं काय जाईना. तो म्हणला, "सारखं मधीच बंद पडून आतली सिस्टीम बिघडलीय. आन आताची नवी टाकली तर ती जड, याला उचलायची नाय. एक हलकी सिस्टीम हाय माझ्याकडं, फुकटची, सीडीवर. ती याला झेपंल."

"हलकी म्हणजे कामचलाऊ," भाऊ म्हणला.

"बाबा," मी म्हटलं, "मी आता टोमॅटोचं क्रेट उचलत नाय, फुलांची पाटी उचलते. म्हणून माझा बाजार चुकला का?"

मिस्त्री मान हलवून हसला. मंग म्हणला, "पण जुनं सगळं पुसलं जाईल."

सुनेनं मशीनवर हात ठेवला. ती म्हणली, "त्यात त्यांचे फोटो हायेत."

"राहू दे मंग," भाऊ उठलाच. "चल, अंधाराच्या आत घरी पोचू."

मी मिस्त्रीला विचारलं, "पुसायच्या आधी फोटो बाहेर काढता येतात का?"

"बघतो. आधी नुसतं सीडीवरून चालू करतो, आतलं काही न पुसता."

सीडी घरघरली. पडदा निळा झाला. त्यावर चार-दोनच चित्रं, बाकी मोकळं अंगण. त्यानं आत शोधलं आन फोटो सापडले. पोरगा झेंडूच्या वाफ्यात उभा, डोक्यावर क्रेट. फोटोपुरतंच. एरवी त्यानं क्रेटला कधी हात लावला नाय.

मिस्त्रीनं सगळे फोटो पेन ड्राइव्हमधी घातले, उघडून दाखवले, आन ड्राइव्ह सुनेच्या हातात दिला. तिनं मूठ मिटली.

"पुसा," ती म्हणली. हे मी नाय, तीच म्हणली.

मंग तासभर बसलो. जावेनं दोनदा चहा मागवला. मशीन पुन्हा चालू केलं तर चहाचा घोट गिळायच्या आत उघडलं. पहिलं एवढ्या वेळात माझी भाजी निवडून व्हायची. मिस्त्रीनं मराठी अक्षरं लावून दिली आन उठून सुनेला खुर्ची दिली.

"लिही बरं कायतरी," भाऊ म्हणला.

तिनं लिहिलं. बोटं अडखळली नाय. मला वाचता येत नाय, भावानंच मोठ्यानं वाचलं, "दादा, माझी बॅग उतरव."

त्यानं पिकपची चावी खिशातनं काढली. मंग म्हणला, "इथं अंबडला उतरवू?"

"घरी. पण आधी पंचवटीला घे," सून म्हणली. "टेबल कुठं ठेवलंय ते तरी बघू."

त्यानं पिकप पंचवटीकडं घेतली, आन मंग आम्हाला घरी सोडून बॅग स्वतः आत आणून ठेवली. सोमवारी सून कामाला बसली. ते मशीन पुढं पाच-सहा वर्षं चाललं. दर दसऱ्याला मी त्याला पूजलं.

हे मी सांगितलं, सुनेनं टाईप केलं; वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं हाय. दसऱ्याला तुमचं मशीन पूजा, पण आधी बंद करा, आन हळद-कुंकू टेबलाला लावा.