एकशे तेरा नंतर एकशे सोळा

आमच्या घरात अशा गोष्टींवर हसायची पद्धत आहे. अंगात येणं, नजर लागणं, कोणीतरी दिसणं… आम्ही बौद्ध, त्यात पप्पा जरा जास्तच कडक. त्यांच्या गॅरेजमध्ये लिंबू-मिरचीसुद्धा टांगलेली नाही. मीही तशीच वाढले. म्हणून हे लिहायला सहा महिने लागले. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायची सवय कमी – चुकलं तर सांभाळून घ्या.

पप्पांचं गॅरेज नाहूरला आहे, आम्ही राहतो विक्रोळीत. मागच्या वर्षी मुलुंडच्या एका रिटायर्ड डॉक्टरांनी त्यांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पप्पांकडे दिली. दोन सीटची, उघडी, साठ वर्षांपूर्वीची. कंपनीचं नाव लिहीत नाही. पप्पा तिच्यावर पहिल्याच दिवशी खूश. "छोटं इंजिन, पण दोन कार्बोरेटर. वजनच नाही गं तिला! म्हणून पळते. ताकदीवर नाही, हलकेपणावर पळते."

प्रॉब्लेम एकच होता. गाडीबरोबर आलेलं वर्कशॉप मॅन्युअल इंग्लिशमध्ये. पप्पा नववीपर्यंत शिकलेले, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, "जमेल ना? नाहीतर दुसरीकडे देतो." पप्पा म्हणाले, "माझी मुलगी वाचते."

मुलीला कोणी विचारलं नव्हतं.

मी अंधेरीला नोकरी करते. जाऊन-येऊन जीव जातो. मग आम्ही एक पद्धत काढली. रविवारी मी गॅरेजमध्ये जाऊन पुढच्या पानांचे फोटो काढायचे. आठवडाभर लंच टाइममध्ये ऑफिसच्या जिन्यात बसून एकेक पान मराठीत सांगायचं आणि व्हॉइस नोट पाठवायची. पप्पा फोन टूलबॉक्सवर ठेवून ऐकत काम करायचे. सुरुवातीला गंमत होती. गिअरबॉक्स जागेवर धरून बसवायला त्या पुस्तकात 'ऑफर अप' म्हणतात. मी सांगितलं, "आता गिअरबॉक्स इंजिनाला अर्पण करा." लगेच पप्पांचा फोन. "नारळ आणू का? बाळा, आपल्यात नैवेद्य नसतो."

चार महिन्यांनी गंमत संपली. मी नुसतं वाचायचे. जेवणाचा डबा बऱ्याचदा तसाच परत न्यायचे.

तो शुक्रवार होता. मागच्या चाकांचं प्रकरण. या गाडीच्या चाकाला चार-पाच बोल्ट नसतात. चाक ज्यावर बसतं त्या हबवर मधोमध एकच मोठा नट, दोन कान असलेला, हातोडीने ठोकून घट्ट करायचा. फोटो चाळताना मला दिसलं की पान एकशे तेरा नंतर थेट एकशे सोळा आहे. दोन पानं तेलाने चिकटली असणार. हे मला दिसलं होतं – ते लपवत नाही. पप्पांना सांगावं असं वाटलं. पण मग परत फोन, परत फोटो… मी दमले होते. एकशे तेरा वाचलं, एकशे सोळा वाचलं. "बस्स पप्पा, चाकं संपली," असं म्हणून पाठवून दिलं.

रविवारी सकाळी पप्पा गाडी हायवेवर काढणार होते, ऐंशी मैलांपर्यंत ताणून बघायला. मीटर मैलांचा आहे तिचा. मी डबा घेऊन गेले तर गाडी जॅकवर, मागची दोन्ही चाकं बाहेर.

"बरं झालं तू सांगितलंस," पप्पा म्हणाले.

"काय?"

"हबचं. काल कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, मग तुझं शेवटचं परत ऐकलं आणि नट बघितले. हाताने फिरत होते गं. हाताने! हायवेला चाक माझ्या पुढे पळालं असतं."

मी म्हटलं, मी असं काही सांगितलं नाही. त्यांनी नोट लावली. माझा आवाज, एकशे तेरा, एकशे सोळा, "बस्स पप्पा, चाकं संपली." मग अकरा सेकंद काहीच नाही. आणि मग –

"मागचे दोन हब एकमेकांच्या जागी बसतात. तसे बसवू नका. उजवीकडचा नट घड्याळाच्या दिशेने सुटला पाहिजे, नाहीतर चाक फिरून फिरून त्याला सोडवतं. पप्पा, एकदा बघा ना."

आवाज माझाच होता. आईनेही ऐकून तेच सांगितलं. पण जिन्यात माझा आवाज घुमतो, प्रत्येक नोटमध्ये ऐकू येतं. या चार वाक्यांना तो घुमारा नाही. आणि त्यात जो थकवा आहे तो माझा लंच टाइमचा नाही… एकच गोष्ट खूप वर्षं कोणाला तरी सांगून दमल्यासारखा आहे.

मी मॅन्युअल मागितलं. एकशे तेरा आणि एकशे सोळाच्या मध्ये तो जाड, काळा पापुद्रा तसाच होता. पप्पांनी रॉकेलचा बोळा फिरवला, हळूहळू ब्लेड घातलं. अर्धा तास लागला. एकशे चौदावर, एका चौकटीत, तेच होतं. हब अदलाबदल करू नयेत, उजवा नट घड्याळाच्या दिशेने सुटतो. फक्त शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं.

पप्पा बराच वेळ ते पान धरून उभे होते. त्यांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

"झोपेत बोलली असशील," ते म्हणाले.

"न वाचलेलं पान?"

"हब मी उलटे बसवले होते. नट सैल होते. एवढं खरं आहे. बाकीचं सोड." मग थोड्या वेळाने, "पानं चिकटलीयत हे तुला दिसलं नव्हतं का गं?"

"दिसलं होतं," मी म्हटलं. ते हब काढून बाजू बदलायला लागले. मी पाना-हातोडी द्यायला शेजारी बसले.

गाडी नंतर ऐंशीच्याही वर गेली म्हणे. डॉक्टर खूश आहेत. पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांच्याकडे तसलीच दुसरी गाडी आलीय, आणि मी प्रत्येक पानाचा नंबर आधी मोठ्याने सांगते. ते चिडवतात, "हजेरी घेते बघा." पण अशा गोष्टींवर हसणाऱ्या माझ्या पप्पांनी ती नोट डिलीट केलेली नाही. स्टार करून ठेवलीय.

मित्रमैत्रिणींनी बरीच कारणं सुचवली. एकही त्या चिकटलेल्या पानापर्यंत पोचत नाही. मी ती नोट आता ऐकत नाही. शेवटचं "पप्पा, एकदा बघा ना" मला सहन होत नाही. ते मी त्या शुक्रवारी बोलले नव्हते, एवढं नक्की. कधी बोलले, माहीत नाही.

कदाचित अजून बोललेलेच नाही.