विष घालणाऱ्या सासूची खानावळ

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंनी खानावळ काढली, तेव्हा आम्ही बायका दारातून टकामका बघत राहिलो. टीव्हीवरच्या मालिकेत सुनेच्या दुधात विष घालणारी सासू त्याच होत्या. मालिका संपली, पुढं काम मिळेना, मुंबईचं घरभाडं झेपेना, म्हणून त्या माहेरच्या गावी परतल्या होत्या.

लोक यायचे, फोटो काढायचे आणि न जेवताच जायचे. मला राहवेना. एका दुपारी मी जेवायला गेले आणि विचारलंच, "ताई, एवढं नाव झालं, मग काम का नाय मिळत?"

"नाव माझं कुठं झालं? त्या सासूचं झालं," भाकरी थापत त्या म्हणाल्या. "आता आईचं काम मला कोण देणार? तुम्ही तरी भीत भीतच आलात ना?"

"व्हय," मी म्हणाले.

त्या मोठ्यानं हसल्या. वाटीभर वरण माझ्यासमोर पिऊन दाखवलं आणि मग मला वाढलं. लई चवदार होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन शेजारणींना घेऊन गेले. हळूहळू खानावळ भरू लागली.

वर्षभरानं त्यांना एका नव्या मालिकेचं बोलावणं आलं. त्या परतल्यावर मी उत्सुकतेनं विचारलं, "काय काम होतं?"

"आईचं! पण पहिल्याच भागात मेले. आता भिंतीवर हार घातलेला फोटो आहे."

"फोटो रोज दाखवतील. त्याचे पैसे मिळतात का?"

"फोटोचे कुठले पैसे, बाई?"

ती मालिका आम्ही खानावळीतच बघायचो. फोटो दिसला की जेवणारे टाळ्या वाजवत आणि त्या पोळी लाटता लाटता मान झुकवत.