धरण फोडणारी ताई

"ही आमची ताई. रोज एक धरण फोडते आणि डबा खाऊन घरी येते." धाकटा भाऊ कुणालाही तिची ओळख अशीच करून द्यायचा आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसायचा. तिला राग यायचा नाही. खोटं काय होतं त्यात? पाटबंधारे कचेरीच्या मागच्या खोलीत बसून ती कॉम्प्युटरवर धरण फोडायची आणि सुटलेलं पाणी कुठल्या गल्लीत किती चढेल ते नकाशावर निळ्या रंगात दाखवायची. कोरडी जागा पांढरी राहायची.

भावाने नदीकाठच्या चढावरचं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिने त्याला शेजारी बसवून धरण फोडून दाखवलं. निळा रंग पुलाखालून पुढे निघून गेला, घर पांढरंच राहिलं. "बिनधास्त घे," ती म्हणाली.

पुढे एका पावसाळ्यात धरण खरंच फुटलं. भोंगा वाजला तशी भावजय लेकीला घेऊन टेकडीकडे निघाली. नवऱ्याला "चला, चला" म्हणून विनवत राहिली. तो म्हणाला, "अगं, ताईच्या नकाशात आपलं घर कोरडं आहे. खालच्या गल्लीतली म्हातारी माणसं कुठे जातील? त्यांना आपल्याकडे घेतो. तू हो पुढे."

नकाशात पूल मोकळा होता. खरा पूल उन्मळलेल्या झाडांनी आणि टपऱ्यांच्या पत्र्यांनी तुंबला, आणि पाणी वळलं ते थेट चढावर. घरात जमलेल्यांपैकी कुणीच वाचलं नाही, तोही नाही.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, काम नियमाप्रमाणेच होतं, पूल मोकळाच धरतात सगळे. कुणी तिला बोल लावला नाही. एखाद्याने चारचौघांत फाडफाड बोलून घेतलं असतं, तर तिला जरा बरं वाटलं असतं. आता ती धरण फोडण्याआधी पूल तुंबवते. "बाई, तुम्ही अर्धं शहर बुडवता," नवीन मंडळी कुरकुरतात. डबा बरेचदा तसाच घरी येतो.

परवा भावजय आली. भाड्याच्या खोलीला कंटाळली होती. तिने पर्समधून एका जागेचा कागद काढून टेबलावर ठेवला. "ताई, नकाशात बघून सांगा ना. तुम्ही हो म्हणालात की घेते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ताईला रडू कोसळलं.

"टेकडीवर घे," ती कशीबशी म्हणाली. "नकाशाला विचारू नकोस. मलाही विचारू नकोस."

भावजयीने कागदाची घडी घातली. "पण ताई, तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?"