सुस्थितीत आढळलेला पडदा

केंद्रचालकाचे नाव: सौ. मंजुळा पागधरे. वय एकेचाळीस. राहणार नवापूर. सेवा देण्याचे ठिकाण: सरावली, गाळा क्रमांक सात. शिक्षण बारावी, अधिक संगणकाचा एक कोर्स. स्वभाव: रकाना नाही. सदर केंद्रचालकाकडे स्वतःच्या मालकीचा, सुस्थितीतील व स्पर्शाने चालणारा लॅपटॉप असणे बंधनकारक असून त्याच्या पडद्याचे विभेदन १९२० गुणिले १०८० पेक्षा कमी नसावे. अर्जदाराने पडद्यावर बोटाने सही अथवा खूण करावी. सही वा अंगठा कागदावर घेतल्याचे आढळल्यास केंद्राची नोंदणी रद्द करण्यात येईल. केंद्र संपूर्णपणे कागदविरहित राहील.

हे सगळं मंजुळाला तीन कागदांवर छापून, दोन प्रतींत आलं होतं.

पाठवणारी कंपनी सरकारी नव्हती. अर्ज भरून घेण्याचं कंत्राट तिच्याकडे होतं, आणि सरकारी नसल्यामुळेच तिची भाषा सरकारपेक्षा जड होती. मंजुळाने त्या नोंदणीसाठी चार वर्षं वाट पाहिली होती. सासूची म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचं, की गाळ्यात पंख्याखाली बसून लोकांचे अर्ज भरायचे, यात तिने पंखा निवडला होता. आता पंख्याखाली बसूनही मान तेवढीच दुखते, हा भाग तिने घरी कोणाला सांगितला नव्हता. पाटी मात्र ती गाळ्यात घेऊन आली होती. उलटी टाकली की तिचं स्टूल होत असे.

सोमवारी तपासणी होती. आदल्या सोमवारी राहीबाई आली.

राहीबाई वरठा ही मनोरच्या पुढच्या एका पाड्यावरून, दोन गाड्या बदलून यायची. तिचं काम साधं होतं. तिचा नवरा लखमा तीन वर्षांपूर्वी वारला होता, आणि रेशनकार्डावर दोनच नावं होती: एक तिचं, एक त्याचं. शेतात आणि वीटभट्टीवर राबून तिच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. रेशनच्या मशीनवर तो उमटत नसे. मशीन म्हणे, घरातल्या दुसऱ्या सदस्याला आणा. दुसरा सदस्य लखमा. तेव्हा लखमाचं नाव काढून पंधरा वर्षांच्या नातीचं, चिमीचं नाव घालायचं, म्हणजे मशीनला एक चालणारा अंगठा मिळेल, असा तो अर्ज होता.

राहीबाई खुर्चीवर बसत नसे. ती नेहमीप्रमाणे जमिनीवर बसली. मंजुळाने लॅपटॉप उलटा दुमडून शाळेतल्या लिहायच्या पाटीसारखा सपाट केला आणि सासूच्या उपड्या पाटीवर ठेवला.

"मावशी, हितं बोट लावून फुली काढा."

राहीबाईने पडद्यातल्या चौकोनाकडे पाहिलं. आजवरच्या प्रत्येक साहेबाने, तलाठ्याने, बँकवाल्याने तिला एकच गोष्ट शिकवली होती: जोरात दाब, नाहीतर उठत नाही. काहींनी तिचा अंगठा स्वतःच्या हाताने धरून कागदावर रगडलाही होता. ती गुडघ्यांवर उठली, डाव्या हाताचा अंगठा चौकोनात ठेवला, त्यावर उजवा पंजा ठेवला आणि अंगातलं सगळं वजन खाली सोडलं. पाटीचा तळ मधोमध फुगलेला. पडदा कडेपासून कडेपर्यंत तडकला.

आवाज लहानच झाला. सुका बोंबील मोडल्याएवढा.

"उठला का?" राहीबाईने विचारलं.

"उठला, मावशी," मंजुळा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुरुस्तीला मेहुलकडे जाण्याखेरीज मार्ग नव्हता. मेहुलचं दुकान बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, जिन्याखाली. त्याने लॅपटॉप उजेडाकडे धरला, तडा बोटाने चाचपला आणि फॅक्टरीतल्या कामगारांमुळे जडलेल्या हिंदीत "हो गया" म्हणाला. मग मराठीवर आला.

"कोण बसला याच्यावर, मंजुळाबेन?"

"कोन बसला नाय. अंगठा दिलाय."

"अंगठा? कोणाचा, पैलवानाचा?"

"साठ वर्षांच्या म्हातारीचा. तुमी काम बोला, मेहुलभाई."

मेहुलचा एक नियम होता: उघडल्याशिवाय मागवायचं नाही. एकाच मॉडेलच्या पोटात चार तऱ्हांचे पडदे निघतात. खरा नंबर पडद्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर असतो. त्याने स्क्रू काढायला घेतले. तीन गंजले होते.

"दरियाची हवा," तो म्हणाला. मग चिमट्याने काहीतरी उचललं. "आणि हे काय? खवला हाय, मंजुळाबेन. लॅपटॉपमध्ये मासा!"

मंजुळाने खवला तळहातावर घेऊन पाहिला. "घोळीचा हाय. म्हंजे जुना. हल्ली घोळ आमच्या घरात येतेय कुठं? ती महाग, धक्क्यावरूनच परस्पर व्यापाऱ्याकडे जाते."

मेहुलने नंबर वाचला आणि मान हलवली. हा साधा पडदा. कंपनीला लागतं तेवढं विभेदन यात मुळातच नव्हतं. विभेदन म्हणजे रिझोल्यूशन, हे मंजुळाला तिथे कळलं. म्हणजे राहीबाईने पडदा फोडला नसता, तरी तो सोमवारी नापासच होणार होता. मंजुळाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ती फक्त बाकड्यावर बसली.

"जास्तीवाला पडदा बसेल यात," मेहुल म्हणाला. "टचची काच वरून चिकटवलेली असते, वेगळी होत नाही. जोडीच बदलायची."

पडदा बुधवारी आला. गुरुवारी बसला. चित्र असं आलं, की मेहुलने शेजारच्या चहावाल्यालाही दाखवायला बोलावलं. फक्त बोटाला पडदा ओळख देईना. बोट लावा, टिचकी मारा, फुंकर घाला, काही नाही.

मेहुलने पुन्हा खोललं, बराच वेळ पाहिलं, आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पडदा नवा घातला होता, वायर जुनी. नव्या पडद्याला चित्रासाठी आणि स्पर्शासाठी जितक्या तारा लागतात, तितक्या त्या वायरीत नव्हत्या.

"मीच सांगतो लोकांना, उघडून बघा," तो म्हणाला. "उघडलं. पडदा बघितला, वायर नाही बघितली."

"किती दिवस?"

"मुंबईहून येईल. शनिवारी. नाहीतर सोमवारी."

"सोमवारी तपासनीस येनार."

"मग शनिवारी," मेहुल म्हणाला. जणू निर्णय त्याच्याच हातात होता.

शुक्रवारी मंजुळाने गाळा उघडून झाडला आणि आलेल्यांना परत पाठवलं. एका कामगाराने विचारलं, "दीदी, सिस्टम डाऊन है क्या?" ती हो म्हणाली. हे उत्तर सगळ्यांना पटतं. घरी गेल्यावर सासूने सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीच्या बांबूंखालून विचारलं, "झाला का गो तुझा टीव्ही?" मंजुळाने तेही ऐकून घेतलं. नोंदणी गेली तर पाटी सुलटी करावी लागेल, एवढं दोघींनाही ठाऊक होतं.

वायर शनिवारी संध्याकाळी आली. मेहुलने जोडली, पडद्यावर बोट फिरवलं आणि पडदा हलला. मंजुळाने एक अर्ज उघडून पाहिला. अक्षरं मुंगीएवढी झाली होती. जास्त रिझोल्यूशन म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, मेहुलने समजावलं. एकेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांत मात्र कमीच मावतं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं दीडपट केली. पडदा नवा झाला, अक्षरं जुन्याच मापाची राहिली. नियम पाळला गेला.

सोमवारी तपासनीस आला. सुजीत नावाचा तरुण, पाठीवर बॅग, त्या दिवसातलं हे त्याचं पाचवं केंद्र. प्रात्यक्षिकासाठी एक अर्जदार लागतो म्हणून मंजुळाने राहीबाईला बोलावून घेतलं होतं. राहीबाई जमिनीवर बसली. लॅपटॉप या वेळी टेबलावर होता.

सुजीतने सेटिंग उघडायला सांगितलं, आकडा वाचला, कागदावर खूण केली.

"टच चालतो ना, मॅडम?"

"चालतो. मावशी, या, दाखवा यांना. हलक्या हातानं."

राहीबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाय गं बाय. मी नाय हात लावाची. मागल्या टायमाला मना वाटला उठला, आन् फुटला त्यो."

"मावशी, आता नाय फुटनार."

"तू सांगशीन. मना काय ठाव."

"असू दे, असू दे," सुजीत म्हणाला. त्याला अजून दोन केंद्रं करायची होती. त्याने "स्पर्शसुविधा कार्यरत" समोर खूण केली, "कागदविरहित" समोर खूण केली आणि अहवाल मंजुळापुढे सरकवला. "तुमची सही इथं. आणि उपस्थित अर्जदाराची इथं."

"कागदावर?"

"अहवाल कागदावरच असतो, मॅडम. वरून तसाच येतो." त्याने बॅगेतून शाईचा पॅड काढला. झाकण इतकं सवयीने उघडलं, की मंजुळाने पुढचं विचारलं नाही.

पॅड पाहताच राहीबाईचे हात पदराबाहेर आले. ती गुडघ्यांवर उठली. सुजीतने तिचा अंगठा धरून कागदावर रगडला. "जोरात दाबा, आजी." तिने दाबला. निळा ठिपका उमटला, रेषा नव्हत्याच. तिने अंगठा केसांना पुसला.

सुजीत गेला. नोंदणी राहिली. मंजुळाने अर्ज पडद्यावर उघडला.

"आता हितं एक फुली काढा, मावशी. चिमीचं नाव घालायचंय."

"दिला नं अंगठा," राहीबाई पिशवी उचलत म्हणाली. "त्या साहेबाला दिला. किती वेळा देवाचा?"

"त्यो वेगळा होता."

"अंगठा त्योच हाय," राहीबाई म्हणाली. तिची गाडी निघायची होती. "पुढल्या बाजाराला येन."

मंजुळाला तिला थांबवता आलं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि मानेला हात लावला.

तपासणी अहवालानुसार गाळा क्रमांक सात येथील सर्व सेवा सुरळीत सुरू असून अर्जदार समाधानी आहेत. राहीबाईच्या रेशनकार्डावर अजून दोनच नावं आहेत, आणि त्यातला एक माणूस तीन वर्षांपूर्वी वारला आहे.