हलली तरी भरीत

मास्तरांनी नानांना शाळेत बोलावून सांगितलं, "पोरीचं डोकं चालत नाही. चौथी झाली की काढून घ्या."

नाना म्हणजे माझे वडील. चोपड्याजवळ आमची केळीची बाग होती. डोकं चालत नाही म्हणे! माझं तर थांबतच नव्हतं. खिडकीबाहेर खार दिसली की सातचा पाढा तिच्यामागे झाडावर जायचा. मिठाला पाठवलं की मी शेळीच्या करडांपाशी सापडायची. जंतांचं औषध झालं, आईचा मार झाला, मिरच्या ओवाळून झाल्या. शाळा सुटणार म्हणून मी कोपऱ्यात बसून रडले. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी जळगावच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाई सुचवल्या.

ते ऐकून आईला वेगळीच काळजी लागली. वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलेल्या पोरीला पुढे कोण करून घेणार? मग पाहुणे बघायला येणार असल्यासारखी तिने माझी तालीम घेतली. पाय जुळवून बसायचं, विचारलं तेवढंच बोलायचं. "हालू नको, मंग भरीत करसू." कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरितासाठी मी दगडाची मूर्तीही झाले असते.

झालेच. डॉक्टरबाईंसमोर पापणीसुद्धा जपून लववली. आई म्हणाली, "गुणी आहे हो. मास्तरच खाष्ट." नाना आढ्याकडे बघत राहिले.

बाई हसल्या. "नऊ वर्षांचं कुठलंच पोर असं बसत नाही. कोणी शिकवलं गं?"

"आईनं! हलले नाही तर भरीत आहे!" म्हणत मी उठलेच. पंख्याचं बटण, वजनकाटा, बाईंच्या गळ्यातली नळी, सगळं एका दमात करून आले.

बाई आईला म्हणाल्या, "आता खरं सांगा. नाहीतर मी पोरीचं नाही, तुमच्या तालमीचं निदान करीन."

आईने पदर तोंडाला लावला आणि मी रांगत होते तेव्हापासूनचं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी भरीत झालं नाही. मी आईशी अबोला धरणार होते, पण विसरले.

बाईंनी घाई केली नाही. पुन्हा पुन्हा बोलावलं, कान-डोळे तपासून घेतले, माझ्याशी खेळल्या, मास्तरांनाही बोलावून विचारलं. मग एके दिवशी मास्तरांसकट आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलगी मंद नाही, आणि मुद्दामही करत नाही. याला अटेन्शन डेफिसिट म्हणतात. तिचं लक्ष एका जागी टिकत नाही. पुढच्या बाकावर बसवा, काम थोडं थोडं द्या, मधे उठू द्या. बाकीचं मी बघते."

नानांनी एवढंच विचारलं, "शाळा?"

"शाळा कशाला सोडायची?"

पुढच्या बाकाचं मास्तरांनीच कबूल केलं. मला इतका आनंद झाला की मी बाईंच्या खुर्चीवर चढून उभी राहिले.

एसटीत आई रडली. "उगाच मारं मी तुले," म्हणाली. संध्याकाळी अंगणात काड्या पेटल्या, वांगी चरचरली. मी प्रामाणिकपणे आठवण करून दिली की आज तर मी खूपच हलले होते.

आईने माझ्या ताटात भरीत वाढलं. "खाय," ती म्हणाली, "आते कितलं बी हाल."