प्रतिन्यूट्रिनोचं चिन्ह

मारेगावच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो आणि उरलेल्या वेळात, फुटणाऱ्या ताऱ्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांचे प्रतिकण, म्हणजे प्रतिन्यूट्रिनो, कसे बाहेर पडतात, त्याचं गणित मांडतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पाठकोरे कागद आणि चहा पुरतो. बायको म्हणते, कागद नासवायचा धंदा.

एमएस्सीची एक पोरगी माझ्याकडे प्रोजेक्ट करायची. फुलसावंगीकडच्या तांड्यावरची, घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी, गणितात पक्की. छापायला पाठवलेला माझा पेपर मी तिला वाचायला दिला होता. दोन दिवसांनी ती स्टाफरूममध्ये आली आणि समीकरणाच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, प्रतिन्यूट्रिनोले इथं चिन्ह उलटं होते ना?"

समोर दोन सहकारी चहा पीत बसलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सहा महिने घासून राह्यलो मी याच्यावर," मी ओरडलो, "अन् तू दोन दिवसांत चूक काढून राह्यली? आधी वाचायले शिक!" ती "सॉरी सर" म्हणून निघून गेली. मी ते पान उघडूनही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात तिला पीएचडीच्या प्रवेशासाठी माझं शिफारसपत्र हवं होतं. असलं पत्र विद्यार्थ्याला दाखवत नाहीत, ते थेट संस्थेकडे जातं. मी लिहिलं: मेहनती आहे, पण घाईनं निष्कर्ष काढते, गणितात काटेकोर नाही. राग होता, दुसरं काय! तिची निवड झाली नाही.

मग पेपर तपासणाऱ्या परीक्षकाचा शेरा आला. या परीक्षकाचं नाव आपल्याला कधीच कळत नाही. ओळ तीच, म्हणणंही तेच: प्रतिन्यूट्रिनोसाठी चिन्ह उलटं हवं. मी गुपचूप दुरुस्ती केली आणि पेपरच्या शेवटी आभार मानले ते त्या बिननावाच्या परीक्षकाचे. पोरीचं नाव टाकायला एक ओळ पुरली असती. लिहितानाही लाज वाटते.

परवा ती घरी आली. आता एका शाळेत शिकवते, यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. आईनं दिलेल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा तिनं समोर ठेवल्या. मी घाईघाईनं म्हणालो, "पत्र यावेळी नव्यानं लिहितो मी."

"कायले तसदी घेता सर?" ती हसली. "मांगचंच पाठवा ना. तुम्ही काही वाईट थोडंच लिहलं असन!"

सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "शेंगा गोड आहेत."